मोठ्या कॅमेऱ्याचा उन्हाळा

उन्हाळा लागला हे कुणाला पळस फुलल्यावर कळतं, कुणाला रसवंतीचे घुंगरू वाजायला लागल्यावर. मला लघवीच्या नमुन्यांवरून कळतं. नाक मुरडू नका, पोटापाण्याचा धंदा आहे माझा. गेली कितीतरी वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. शिमगा सरला की बाटल्यांमधला रंग गडद होत जातो आणि काचपट्टीवर पाकिटाच्या आकाराचे बारीक खडे चमकायला लागतात. माणसं उन्हात हिंडतायत आणि पाणी कमी पितायत, एवढं त्या खड्यांवरून समजतं. परवा यंदाचा पहिला असा नमुना आला. मी रिपोर्ट लिहिला, खिडकी उघडली, आणि बाहेरची झळ तोंडावर आली.

पहिली झळ आली की माझं मन दरवर्षी एकाच उन्हाळ्यात जाऊन बसतं. बाकीचे उन्हाळे काही कमी तापले नाहीत. पण तो माझ्या मोठ्या कॅमेऱ्याचा उन्हाळा होता, आणि माझ्या वडलांच्या, आप्पांच्या, मेंढरांचा शेवटचा.

दुष्काळाची वर्षं होती ती. एक सरतंय म्हणेपर्यंत दुसरं दारात. आम्ही बीड बायपासच्या पलीकडं नव्यानं राहायला गेलो होतो. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचो. आप्पा अजूनही तेच म्हणतात आणि त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत घरात कुणी पडत नाही. गल्लीत दारोदार निळे ड्रम, ड्रमला साखळी, साखळीला कुलूप. सोनं एखाद वेळेस टेबलावर राहिलं तर चालेल, ड्रम उघडा राहायला नको. कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला की बायका पिठाच्या हातानंच धावायच्या. आणि गंमत बघा, त्याच गल्लीच्या टोकाला उंच उंच इमारती उठत होत्या. माणसाला प्यायला पाणी नाही अन् सिमेंट भिजवायला आहे, हे गणित मला आजतागायत सुटलेलं नाही.

मोठ्या कॅमेऱ्याच्या आधी माझ्याकडं डबी होती. डबी म्हणजे छोटा चंदेरी डिजिटल कॅमेरा, नवऱ्यानं लग्नाच्या वाढदिवसाला आणलेला, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. बटण दाबलं की नाक बाहेर काढायचा, मनाला येईल तेव्हा फ्लॅश मारायचा, आणि पेन्सिल सेल असे खायचा की वेरूळला गेलो तर कैलास लेण्याच्या दारातच मान टाकायचा. पण भला होता बिचारा. त्यात सगळं सारखंच स्पष्ट यायचं. पुढं भाचीचं नाक स्पष्ट, मागं लग्नातला आचारी स्पष्ट, आणि त्याच्याही मागं कुणाची तरी म्हैस, तीसुद्धा स्पष्ट. कुणाला पुढं घ्यायचं अन् कुणाला मागं टाकायचं असा दुजाभाव डबीला ठाऊकच नव्हता.

आमच्याकडची बारशी, जावळं, हळदी, सगळं डबीत आहे. आणि प्रत्येक फोटोत आप्पा तोंड उघडून हसतायत. फ्लॅशनं डोळे लाल झालेत ते सोडा. कारण डबी हातभर लांब धरायची असायची, माझं तोंड मोकळं असायचं, आणि मी काहीतरी वाकडं बोलले की आप्पांना हसू आवरायचं नाही. "तुझी जीभ सासरच्यांनी कशी काय ठेवली गं," म्हणायचे. तेवढ्यात बटण दाबायचं. मात्र मेंढरांसोबत त्यांचा एकही फोटो नव्हता. मेंढरं काय, रोजचीच. रोजच्याचा फोटो कोण काढतं.

मग डबीच्या सेलचं झाकण तुटलं. मी रबर लावून चालवलं. मग एक दिवस नाक बाहेर आलं ते आत गेलंच नाही, तेव्हा तिला घेऊन पैठण गेटला एका दुकानात गेले. दुकानदारानं उलटीसुलटी करून ती माझ्याकडं परत दिली. "बाजी, इसको अब आराम करने दो," तो म्हणाला. "ये पकडो. लेने का नहीं, खाली पकडके देखो." आणि काचेच्या कपाटातला काळा डिजिटल एसएलआर काढून त्यानं माझ्या ओंजळीत ठेवला. हुशार माणूस. कोकरू एकदा हातात दिलं की परत कोण देतं?

कॅमेरा घरी आला. नवरा म्हणाला, "बातम्या देणार आहेस का काय कुठं?"

"देईन की," मी म्हणाले. "पहिली तुझीच देते."

डबीत मागच्या पडद्यावर बघायचं असायचं, ह्यात काचेला डोळा लावायचा. आता एक डोळा लावून बसायला मला कोण शिकवणार. बटण दाबलं की आतला आरसा उचलला जाऊन खट् असा आवाज यायचा, त्या आवाजाची मला चटकच लागली. पोळीवर पोळी भाजताना मध्येच जाऊन खट् करून यायची. रविवारी आमचा फोटोवाल्यांचा एक कंपू वेरूळला जायचा, त्यात मी एकटीच बाई. वटवाघळांच्या वासाच्या अंधाऱ्या लेण्यांत श्वास रोखून उभं राहायचं, हात हलू द्यायचा नाही. कंपूतले वडीलधारे म्हणजे जोशी सर, निवृत्त मास्तर. ते एकच मंत्र द्यायचे: "बाई, मागचं मारा. मागचं मारल्याशिवाय पुढचं उठत नाही."

मागचं मारणं म्हणजे समोरचा चेहरा लख्ख ठेवून पाठीमागचं सगळं धूसर करणं. त्यासाठी मी वेगळी लेन्स घेतली, पन्नासची. पहिल्यांदा तिच्यातून नवऱ्याचा फोटो काढला तर त्याच्या मागची भांड्यांची मांडणी, कॅलेंडर, वाळत घातलेले कपडे, सगळं विरघळून नुसते गोल गोल रंग उरले. आमचं घर एवढं सुंदर कधी दिसलं नव्हतं. लॅबमध्ये मी दिवसभर स्क्रू फिरवून धूसर घालवायची आणि घरी येऊन मुद्दाम आणायची. दोन्हींत सुख होतं खरं.

आता आप्पांचं सांगते. बिडकीनच्या अलीकडं माळावर आमची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. माझी माय लवकर गेली, घरात आप्पा आणि भाऊ-वहिनी. मी शिकले ती मेंढरांच्या लोकरीवर, आणि शेतकऱ्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवून जी ज्वारी मिळायची तिच्यावर. त्या उन्हाळ्यात माळावर काडी उरली नव्हती. शिवाय मोजणीवाले येऊन दगड रोवून गेले होते. इथं मोठ्या कंपन्या येणार, हितून रस्ता, तिथून रस्ता. चरायला एकच गोष्ट राहिली होती, वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा.

लोक पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागा तोडत होते. तोडायच्या आधी आप्पांना निरोप यायचा, मेंढरं आणा, पाला तरी कुणाच्या तोंडी लागू द्या. एकीकडं करवत चाललेली आणि दुसरीकडं मेंढरं कोमेजला पाला ओरबाडतायत. त्या उन्हाळ्यात मेंढरांच्या तोंडाला मोसंबीचा वास यायचा. मेंढरांच्याच वासात वाढलेली मी, पण हा वास मला सोसला नाही. आप्पा म्हणाले, "राजाचा घास खायालेत समदे. पर किती दिस."

भावानं ठरवलं होतं की अखितीच्या आत मेंढरं पाचोडच्या बाजारात घालायची आणि आप्पांनी माझ्याकडं शहरात यायचं. आप्पा हो म्हणाले, म्हणजे नाही म्हणाले नाहीत. ते ऐकल्यापासून मला एकच ध्यास लागला. मेंढरं जायच्या आत, मेंढरांत उभे राहून हसणारे आप्पा मला फोटोत पाहिजे होते. एकदा मेंढरांचा खांड, तो अख्खा कळप, गेला की तसे आप्पा मला कुठं मिळणार होते? जन्मभर ज्या माणसाला मेंढरांत बघितलं, त्याला पुढं सोफ्यावर बसलेलं बघायचं होतं. मी लॅबमध्ये सुट्टी टाकली, लाल पिशवीत आप्पांसाठी पोळ्या बांधून घेतल्या, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि सकाळची बस धरली.

वस्तीच्या वाटेवर विहीर लागते. तिथं चंद्रकलाकाकू बसली होती. हिनं मला कडेवर घेऊन हिंडवलेलं. तिनं माझ्या गळ्यातला कॅमेरा बघितला आणि माझं तोंड बघायच्या आधी उठली. रिकामा हंडा डोक्यावर घेतला, कळशी कमरेला लावली, विहिरीच्या काठाशी जाऊन एक पाय पुढं टाकला आणि आत वाकून बघत उभी राहिली. मागच्या दोघी सुना रांगेत. त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतले.

"काकू, अगं मी सुमी," मी म्हणाले.

"वळखलं की," ती न हलता म्हणाली. "काढून घे आधी."

"मी पेपरवाली नाही गं."

"नसू दे. पेपरवाल्याला देशील तर खरं."

काढला फोटो. काय करते. दुष्काळात इतके फोटोवाले येऊन गेले होते की कुणी कसं उभं राहायचं हे वस्तीला पाठ झालं होतं. हंडा कसा धरायचा, म्हाताऱ्यानं हात कुठं ठेवायचा, भेगा पडलेल्या जमिनीवर पाय कसे सोडून बसायचं. एकदा पेपरात फोटो छापून आला आणि त्याच आठवड्यात टँकर आला होता. तेव्हापासून मोठा कॅमेरा दिसला की अख्खी वस्ती कामाला लागायची. मी डबी घेऊन गेले असते तर ह्याच काकूनं विचारलं असतं, पोरगं कितवीला गेलं आणि एवढी वाळलीस कामून.

आप्पा एका तुटत्या बागेच्या बांधावर होते. मला लांबून बघितलं आणि हसले, तोंड भरून, पुढचा पडलेला दात दाखवत. हेच, हेच पाहिजे होतं. मी पिशवी खाली टाकली आणि घाईघाईनं कॅमेरा डोळ्याला लावला. काचेतून बघते तर हसू गेलेलं. पाठ ताठ, घोंगडी खांद्यावर नीट घेतलेली, काठी पुढं रोवलेली, उजवा हात कपाळाशी. नजर लांब कुठंतरी. पोटच्या पोरीसमोर माझा बाप दुष्काळातला म्हातारा होऊन उभा राहिला होता.

"आप्पा, हात खाली घ्या. नेहमीसारखं हसा की."

"मोठ्या क्यामेऱ्यात असंच असतंय."

"मला पेपरात नाही द्यायचा. घरात लावायचाय."

"मग घरात बी असाच लाव. हसरा फोटो बघून चारा कोन देतंय?"

"मी काय चारा द्यायला आलेय का?"

"तू न्हाई आलीस गं. पर क्यामेरा आलाय न्हवं."

मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला राग येतो. "बरं, मग हलू नका," मी म्हणाले, आणि खट् खट् खट् फोटो काढत सुटले. आप्पा हलले नाहीत. कपाळावरची आठी न् आठी लख्ख, मिशीचा केस न् केस लख्ख, आणि मागं त्यांचा सगळा खांड पांढऱ्या-करड्या ठिपक्यांत विरघळलेला. जोशी सर खूश झाले असते. मी मात्र थोड्याच वेळात कॅमेरा खाली घेतला आणि रागानं पाठ फिरवली.

बसमध्ये बसल्यावर डोक्यात तेच. डबी धरली की समोरच्याला मी दिसायची. मोठा कॅमेरा धरला की माझं तोंड झाकलं जायचं, समोर उरायची एक काळी काच. आप्पा मला बघून हसले होते, काचेला बघून नाही. काचेला कशाला हसतील, काच काही त्यांची लेक नव्हती.

पाचोडच्या बाजाराला मी गेले नाही. ड्यूटी होती असं सांगते, खरं म्हणजे धीर नव्हता. भाऊ सांगत होता, सौदा झाल्यावर आप्पांनी व्यापाऱ्याला एवढंच म्हटलं, टेम्पोत चढवायच्या आधी समद्यांला पाणी पाजायचं. बाजारात पाणी विकतचं. पाजलं त्यानं. मग आप्पा माझ्याकडं आले, घोंगडी आणि काठी घेऊन. कितीतरी दिवस पहाटे उठायचे आणि जिन्यात जाऊन बसायचे. कुठं जायचं नसताना लवकर उठलेला माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा बघितलं.

त्यातला एक फोटो कंपूत दाखवला तर एकच गलका झाला. प्रदर्शन भरवलं, त्यात तो मधोमध लागला, मोठा करून, काचेत. खाली कुणीतरी नाव दिलं, 'प्रतीक्षा'. लोक यायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "नजर बघा नजर, आभाळाला जाब विचारतेय." मी आपली बाजूला उभी, हसतमुख. आतून जळत होते. आप्पांना म्हटलं, चला बघायला, तर म्हणाले, "मला म्हाईत हाय मी कसा दिसतो." पुढं नवऱ्यानं तो फोटो हौसेनं हॉलमध्ये लावला. पाहुणे वाखाणायचे. मी त्या भिंतीकडं बघायचंच सोडून दिलं. स्वतःच्याच घरात, स्वतःच काढलेल्या फोटोशी अबोला धरलेली मी एकटीच असेन.

वर्षं गेली. आमच्या घरामागं तेव्हा ज्वारीचं वावर होतं, आता तिथं दुकानांवर दुकानं आहेत. बायपास ओलांडायचा तर देवाचं नाव घ्यावं लागतं. बिडकीनच्या आमच्या माळावर सिमेंटचे रुंद रस्ते झालेत, संध्याकाळी ओळीनं दिवे लागतात आणि दिव्यांखाली माणूस नसतो. भाऊ तिथंच एका कंपनीत वॉचमन आहे. ज्या माळावर आप्पा मेंढरं हाकायचे तिथं तो शिट्टी घेऊन उभा असतो, कुणाची जनावरं आत शिरू नयेत म्हणून. माझा मोठा कॅमेरा कपाटात आहे. आता मागचं मारायला मोबाइलवर बोट फिरवलं की झालं.

ह्या हिवाळ्यात आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बरीच वर्षं सगळं धुक्यात होतं त्यांच्या, आम्हालाच उशिरा कळलं. पाडव्याच्या निमित्तानं घराला रंग द्यायला काढला, म्हणून फोटो उतरवून दिवाणावर टेकवून ठेवला होता. परवा लॅबमधून घरी आले तर आप्पा त्याच्यासमोर बसलेले, नाक काचेला लागेल एवढे जवळ.

"काय आप्पा, आवडला का स्वतःचा फोटो?" मी विचारलं. आवाजात थोडी धार होतीच.

"मला कुठं बघायलोय मी," ते म्हणाले. त्यांचं बोट माझ्या त्या धूसर ठिपक्यांवरून फिरत होतं. "ही बोडकी. ही काळतोंडी. हिच्या आडाला तिचं कोकरू. ह्यो लंगडा बग, तीन पायावर उभा हाय."

मी चष्मा पुसून बघितलं. मला ठिपकेच दिसले. आप्पा मात्र गावाहून आलेल्या माणसांना भेटावं तसे एकेकापाशी थांबत होते. शेवटी बोट थांबलं, मागं गेलं, पुन्हा पुढं आलं.

"चोरटी न्हाई ह्यात," ते म्हणाले.

"कोण चोरटी?"

"चोरून खायची ती. लई गुनाची व्हती, पर चोर. ती हितं असाया पायजे." त्यांनी फोटोच्या चौकटीबाहेर, दिवाणाच्या गादीवर बोट ठेवलं. "तुझ्या पायापाशी."

मला आठवलं. छापताना जोशी सरांच्या सांगण्यावरून मी फोटोचा खालचा कोपरा कापला होता. काहीतरी मळकट तिथं आलं होतं आणि नजर तिकडं जात होती. मी कॉम्प्युटर लावला, जुन्या फायली उघडल्या, मूळ फोटो काढला. खाली कोपऱ्यात तो मळकट डाग होता. मोठा करून बघितला. लोकर होती. एक कान होता. आणि कानाखाली माझ्या लाल पिशवीचा बंद.

"हीच की," आप्पा म्हणाले. "तुझ्या पिशवीतल्या पोळ्या खायाली. तू आपली डोळा लावून उभी, तुला कुठलं भान. मला असं हसू यायलं, अन् तू म्हनतीस हलू नका."

मी फोटोतला आप्पांचा चेहरा मोठा केला. नजर आभाळाकडं नव्हतीच. कपाळावरच्या हाताच्या सावलीतून डोळे खाली वळले होते, सरळ त्या पिशवीकडं. मिशीखाली ओठांची एक कड दाबून धरलेली. उन्हानं तोंड ओढलंय असं मी इतकी वर्षं समजत होते. लोक म्हणाले, जाब विचारतायत. माझा बाप हसू दाबून उभा होता, आणि मला पाहिजे होता तो फोटो माझ्याच भिंतीवर होता.

त्या दिवशी निघताना मी पिशवी उघडली होती तेव्हा फडक्यात एकच पोळी उरली होती, हेही आता आठवलं. "बाकीच्या मी खाल्ल्या, लई मऊ झाल्या व्हत्या," असं आप्पा म्हणाले होते, आणि रागातसुद्धा मला बरं वाटलं होतं.

"आप्पा, सांगायचं नाही का?" मी म्हणाले. "तुमच्यासाठी पहाटे उठून केल्या होत्या मी."

"सांगितलं असतं तर हाकललं असतंस तिला. पाला खाऊ खाऊ दात आंबले व्हते तिचे. कितीक दिसानं गव्हाचा घास लागला तोंडाला." ते पडद्याच्या आणखी जवळ सरकले. "म्हनून म्हनलं, ऱ्हाऊ उभं. काढू दे सुमीला निवांत."

मग त्यांनी त्या डागावर अलगद बोट ठेवलं.

"तू लई लवकर थांबलीस पर," ते म्हणाले. "एक पोळी ऱ्हायली तिची."